पदवी तीन वर्षांची की चार?

वाचकांचे प्रश्न : कृषी आणि जीवशास्त्र शाखा

प्रश्न : मी सांगलीच्या वरिष्ठ महाविद्यालयात बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बँकेत कृषी अधिकारी व्हायचं आहे. क्लासमध्ये सांगतात, 'यादीत बायोटेक आहे, फॉर्म भरून टाक.' भरू का?

नका भरू. आयबीपीएसच्या, म्हणजे सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत कृषी क्षेत्र अधिकारी, म्हणजे एएफओ, या पदाला चार वर्षांची पदवी लागते आणि यादीतले शब्द 'कृषी जैवतंत्रज्ञान' आणि 'बी.टेक. बायोटेक्नॉलॉजी' असे आहेत. तुमची पदवी तीन वर्षांची आणि विज्ञान शाखेची, म्हणजे दोन्ही अटींवर अडकते. ऑनलाइन अर्ज भरताना संगणक तुम्हाला अडवणार नाही, तिथंच लोक फसतात. पूर्वपरीक्षा होते, मुख्य परीक्षा होते, मुलाखतीचं पत्र येतं आणि कागदपत्रं तपासताना उमेदवारी जाते. वर्ष गेलेलं असतं.

नव्या शैक्षणिक धोरणाखाली तुमच्या महाविद्यालयात चौथं, ऑनर्सचं वर्ष असेल, तर ते केल्यानं वर्षांची अट भागेल, पण विषयाच्या नावाची भागणार नाही. 'बायोटेक्नॉलॉजी ऑनर्स' आणि कृषी विद्यापीठाची 'कृषी जैवतंत्रज्ञान' ही चार वर्षांची पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत कृषी, उद्यानविद्या, पशुवैद्यक, दुग्धतंत्रज्ञान, मत्स्यविज्ञान, वनविद्या, अन्नतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, रेशीम अशी नावं आहेत. आपल्या गुणपत्रिकेवर छापलेलं नाव त्या यादीशी शब्दाला शब्द जुळवून पाहा.

ग्रामीण वित्तक्षेत्रातच जायचं असेल, तर तुमच्यासाठी नाबार्डच्या 'ग्रेड ए' भरतीतलं सर्वसाधारण पद जास्त योग्य. त्याला कोणत्याही विषयाची पदवी चालते. खुल्या गटाला ६० टक्के गुण लागतात आणि वय २१ ते ३० हवं. पहिल्या टप्प्यात २०० गुण असतात. त्यातले इंग्रजी, गणित, बुद्धिमत्ता, संगणक हे भाग फक्त पात्रतेपुरते. गुणवत्ता ठरते ती सामान्यज्ञान, आर्थिक-सामाजिक प्रश्न आणि कृषी-ग्रामीण विकास या भागांवर. मृदा, सिंचन, पीकपद्धती, पशुपालन हा अभ्यासक्रम जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला परका नाही. अडतात ती मुलं बहुधा अर्थशास्त्राच्या भागात.

संशोधनाकडे वळायचं असेल, तर एम.एस्सी.साठी दोन परीक्षा एकाच तयारीत बसतात. आयआयटी-जॅमच्या जैवतंत्रज्ञान पेपरमध्ये तीन तासांत ६० प्रश्न आणि १०० गुण असतात, आणि त्यात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्रही येतं. बारावीनंतर गणित सोडलेल्यांनी हे आधीच ओळखून ठेवावं. दुसरी जैवतंत्रज्ञान विभागाची गॅट-बी. तिच्या 'अ' भागात एकेका गुणाचे ६० प्रश्न सक्तीचे. 'ब' भागात १०० पैकी कोणतेही ६० सोडवायचे, प्रत्येकी ३ गुण. एकूण २४० पैकी १८० गुण 'ब' भागात आहेत, तरी 'अ' भागात दीड तास घालवून बसणारे पुष्कळ. 'अ' भाग पाऊण तासात संपवायची सवय लावा. गॅट-बीमधून कृषी जैवतंत्रज्ञानाच्याही काही जागा भरतात, पण मूळ पदवी कोणती चालेल हे त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पाहूनच पसंतीक्रम द्या.

एम.एस्सी.नंतरही तीन-चारचा हा फरक पाठ सोडत नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएआरच्या, प्रकल्पांतल्या 'सिनियर रिसर्च फेलो' पदांच्या जाहिराती वाचा. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची एम.एस्सी. असलेल्यांकडे तिथं नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, किंवा संशोधनाचा अनुभव, कधी दोन्ही मागतात. चार वर्षांच्या पदवीवाल्यांना ही अट नसते. म्हणून तुमच्यासारख्यांनी सीएसआयआर-यूजीसी नेटची लाइफ सायन्सेसची परीक्षा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातच द्यावी. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता.

प्रश्न : मी बी.एस्सी. कृषी तिसऱ्या वर्षाला, राहुरी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात. शास्त्रज्ञ व्हायचं आहे. एम.एस्सी.ला कोणता विषय घ्यावा? आणि परीक्षेत न येणारे प्रश्न सोडावेत की ठोकून द्यावेत?

विषयाचा निर्णय एम.एस्सी.नंतर नाही, आयसीएआरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा अर्ज भरतानाच होतो. तिथं एकच विषयगट निवडता येतो. कृषिविद्या, उद्यानविद्या आणि कीटकशास्त्र-सूत्रकृमीशास्त्र हे स्वतंत्र गट आहेत. मृदाशास्त्र 'भौतिक विज्ञान' गटात येतं, त्यामुळे 'कृषिविद्या नाही मिळाली तर मृदाशास्त्र घेऊ' हा बेत जमत नाही. गट वेगळा, पेपर वेगळा.

पुढची साखळी अशी. कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ, म्हणजे एएसआरबी, नेट घेतं तेही विषयवार, आणि तुमची एम.एस्सी. त्याच विषयातली हवी. कृषी व्यवसाय व्यवस्थापन करून पुन्हा वनस्पती रोगशास्त्राच्या शास्त्रज्ञपदाकडे वळता येत नाही. आमचं मत विचाराल तर 'जागा जास्त कशात' हे एकाच वर्षाच्या जाहिरातीवरून ठरवू नका. गेल्या चार-पाच जाहिराती समोर ठेवून विषयवार जागा मोजा. तासाभराचं काम आहे.

एएसआरबीच्या नेटमध्ये दोन तासांत १५० प्रश्न असतात. पात्रता खुल्या गटाला ५० टक्के, इतर मागासवर्गाला ४५, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. हे प्रमाणपत्र कृषी विद्यापीठांत सहायक प्राध्यापक होण्यासाठी कामाला येतं आणि त्याला मुदत नसते. शास्त्रज्ञ व्हायचं, तर त्यापुढे वर्णनात्मक मुख्य परीक्षा आणि मुलाखत. वय २१ ते ३५, आणि सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. निवड झालेल्यांचं प्रशिक्षण हैदराबादच्या 'नार्म' या आयसीएआरच्या अकादमीत होतं.

आता ठोकाठोकी. प्रत्येक परीक्षेचं गणित वेगळं आहे. आयसीएआरच्या प्रवेश परीक्षेत १२० प्रश्न, १२० मिनिटं, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला वजा १. डोळे झाकून चारपैकी एक पर्याय निवडला, तर सरासरी प्रश्नामागे पाव गुण पदरात पडतो. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं, तर दीड गुण. म्हणजे इथं प्रश्न कोरा सोडण्यात शहाणपण नाही. एएसआरबीच्या नेटमध्ये बरोबर उत्तराला १ आणि चुकीला वजा एक तृतीयांश. आंधळ्या अंदाजाची सरासरी तिथं शून्य, म्हणून किमान एक पर्याय बाद करता आला तरच हात घाला.

पहिल्या प्रयत्नात न झाल्यास घरी बसून तयारी करण्यापेक्षा आयसीएआर संस्थेतलं 'यंग प्रोफेशनल'चं किंवा प्रकल्पातलं काम घ्या. महाराष्ट्रात अशा संस्था भरपूर आहेत : पुण्याजवळच्या मांजरी गावातलं द्राक्ष संशोधन केंद्र, सोलापूरचं डाळिंब केंद्र, राजगुरुनगरचं कांदा-लसूण संचालनालय, नागपूरच्या कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या संस्था, माळेगावची अजैविक ताण संस्था. मुलाखती थेट असतात, प्रवासखर्च मिळत नाही. मूळ प्रमाणपत्रं आणि साक्षांकित संच बरोबर न्या. जवळचा नातेवाईक संस्थेत नोकरीला आहे की नाही, याचं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी मागतात. ते ऐनवेळी लिहायला बसलेले उमेदवार दर मुलाखतीला दिसतात.

प्रश्न : गावातले एक कृषी सेवा केंद्रवाले माझं पदवी प्रमाणपत्र परवान्यासाठी मागत आहेत. महिन्याला पैसे देतील, मला दुकानात बसायची गरज नाही म्हणतात. हरकत आहे का?

मोठी हरकत आहे. भाड्यानं दिलेल्या पदव्यांवर चालणारी दुकानं सर्वांनाच ठाऊक असतात, म्हणून हा प्रकार निरुपद्रवी वाटतो. कीटकनाशकाचा नमुना अप्रमाणित निघाला, मुदतबाह्य माल सापडला किंवा अनुदानित खताचा पॉस यंत्रावरचा साठा आणि गोदामातला साठा जुळला नाही, तर कागदावर ज्याचं नाव आहे त्याला जाब द्यावा लागतो. खटला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली किंवा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली होऊ शकतो. उद्या सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत हे निघालं, तर महिन्याचे ते पैसे कुठल्या कुठे जातील.

त्यांना सरळ मार्ग सांगा. 'देसी' नावाची कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठीची पदविका आहे, हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनं आखलेली. आठवड्यातून एक दिवस, ४८ आठवडे : ४० वर्गातले, ८ शेतभेटींचे. दुकान सांभाळून होते.

स्वतःचं दुकान काढणार असाल, तर बियाणं, खतं आणि कीटकनाशकं यांचे परवाने वेगवेगळे. कीटकनाशकासाठी कृषी पदवीच हवी असं नाही. जीवरसायन, जैवतंत्रज्ञान, जीवशास्त्र किंवा रसायन, वनस्पती, प्राणी यांपैकी विषय असलेली विज्ञान पदवीही चालते. तीन वर्षांची पदवी इथं अडत नाही. खताला पुरवठादाराचं 'ओ' नमुन्यातलं उगम प्रमाणपत्र लागतं आणि कीटकनाशकाला कंपनीचं प्रमाणपत्र. नवी कंपनी जोडली की तिचं नाव परवान्यात चढवून घ्यायचं. ते न करता माल ठेवणं ही तपासणीत सापडणारी नेहमीची चूक.

प्रश्न : कृषी चिकित्सालय योजनेत ३६ टक्के अनुदान मिळतं म्हणे. माती परीक्षण प्रयोगशाळा आणि रोपवाटिका मिळून १२ लाखांचा प्रकल्प आहे. ४ लाख ३२ हजार हातात कधी येतात?

हातात येत नाहीत. २००२ पासून चालू असलेल्या या योजनेचं अनुदान कर्जाशी जोडलेलं असतं आणि ते कर्जाच्या शेवटी वळतं होतं. नाबार्डकडून आलेली रक्कम बँक तुमच्या नावानं अनुदान राखीव खात्यात ठेवते. समजा, १ लाख ८० हजार तुम्ही घातले आणि कर्ज १० लाख २० हजार झालं. राखीव खात्यातल्या ४ लाख ३२ हजारांवर बँक व्याज लावत नाही, म्हणजे व्याज ५ लाख ८८ हजारांवर. किमान तीन वर्षं प्रकल्प चालवावा लागतो. मध्येच कर्ज थकलं किंवा प्रकल्प बंद पडला, तर अनुदान परत जातं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी दर ४४ टक्के. वैयक्तिक प्रकल्पाला २० लाखांची मर्यादा.

क्रम चुकवू नका : आधी नोडल, म्हणजे योजनेसाठी नेमलेल्या, संस्थेतलं ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण, मग प्रकल्प अहवाल, मग कर्ज. प्रशिक्षणाआधी घेतलेलं कर्ज नंतर या योजनेत बसवता येत नाही. माती परीक्षणाचं काम हंगामाआधीच्या दोन-तीन महिन्यांत एकवटतं, तेव्हा परतफेडीचे हप्ते मासिक न ठेवता सहामाही मागून घ्या.

प्रश्न : प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाली. वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत एम.एफ.एस्सी. करता येईल?

नाही. तिथं बी.एफ.एस्सी. ही मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी लागते, जी आपल्याकडे रत्नागिरीजवळ शिरगावला, उदगीरला आणि नागपूरला मिळते. प्राणिशास्त्रातच एम.एस्सी. करून मत्स्यजीवशास्त्र हा विशेष विषय घ्या.

प्रश्न : बी.एस्सी. कृषीला ७.८ जीपीए आहे. जर्मनीतल्या विद्यापीठाला २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी हवी. माझी किती होते?

जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास. रूपांतराचं सूत्र असं : कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान-उत्तीर्ण यांच्या फरकानं भागा, ३ नं गुणा, १ मिळवा. आपल्या कृषी विद्यापीठांत कमाल १० आणि पदवीसाठी किमान ५. म्हणून २.२ भागिले ५, गुणिले ३, अधिक १ : उत्तर २.३२. तुम्ही बसता. मात्र पासिंग श्रेणी ४ धरून कुणी २.१ काढून दिली असेल, तर ती अर्जात लिहू नका. किमान श्रेणी किती याचं कुलसचिव कार्यालयाचं पत्र इंग्रजीत घेऊन ठेवा.

खर्चाचा हिशोब राज्यानुसार बदलतो. होहेनहाइम विद्यापीठ ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहे, तिथं युरोपाबाहेरच्यांना सहामाहीला १,५०० युरो शुल्क आहे. गटिंगेन आणि बॉनला फक्त सहामाही वर्गणी. तिन्हीकडे इंग्रजीतून शेतीविषयक एम.एस्सी. आहे. व्हिसासाठी बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ज्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र लागतं, शुल्क १८,००० रुपये. त्याला काही आठवडे जातात, तेव्हा प्रवेशपत्राची वाट न बघता आधीच अर्ज करा.

आपली मुलं इथं एका क्षुल्लक गोष्टीत अडकतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. पदवी प्रमाणपत्रावर तिसराच क्रम. क्रमाचाच फरक असेल तर नोटरीचं प्रतिज्ञापत्र बहुधा पुरतं. स्पेलिंग बदललं असेल तर मात्र आधी पासपोर्ट किंवा गुणपत्रिका दुरुस्त करून घ्या, मगच एपीएसचे पैसे भरा.