सुदानची खबर कुठून घ्यावी?

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ सुदानमध्ये साखर कारखान्यात फिटर होता. एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटलं, तेव्हा ऑपरेशन कावेरीतून पोर्ट सुदान, जेद्दा करत घरी आला. त्याच्या कामावरच्या जोडीदाराचं घर पश्चिम सुदानातल्या दारफुर भागात, अल-फाशेरला. त्याचा फोन लागत नाही. आपल्या टीव्हीवर सुदानचं नाव नाही आणि मोबाइलवर येतं त्यातलं खरं किती, कळत नाही. काय वाचावं?
– एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : दादा, मी बरीच वर्षं दैनिकात रात्रपाळी केली. ऐनवेळी जाहिरात आली की पहिली उडायची ती आफ्रिकेची बातमी. मीही उडवल्यात, त्याचं आज वाईट वाटतं.

सुरुवात ‘रेडिओ दबंगा’पासून करा. दबंगा म्हणजे दारफुरमधली धान्याची मातीची कणगी. हे केंद्र २००८ पासून नेदरलँड्समधून चालतं, पण खबर गावागावांतली असते : कुठल्या बाजारात ज्वारी महागली, कुठल्या छावणीत कॉलरा आला. संकेतस्थळ इंग्रजीतही आहे. फौजांच्या हालचालींसाठी ‘सुदान ट्रिब्यून’ बघा.

आखाती वाहिन्या बघताना मालक कोण, हे आधी लक्षात घ्या. ‘अल जझीरा’ला कतारचा पैसा, ‘अल अरबिया’ला सौदीचा, ‘स्काय न्यूज अरेबिया’ला अमिरातीचा. लष्कराशी लढणाऱ्या आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस) या बंडखोर निमलष्करी दलाला अमिराती शस्त्रं पुरवते, असा सुदानी लष्कराचा आरोप आहे; अमिराती तो नाकारते. ‘सुना’ ही सुदानची सरकारी वृत्तसंस्था, म्हणजे लष्कराची बाजू. यांतलं काही टाकून देऊ नका, पण एकावर विसंबूही नका.

अल-फाशेरचंच बघा. मे २०२४ पासून वेढा होता, २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर आरएसएफच्या हाती गेलं. फोन, इंटरनेट बंद. पत्रकाराला आत पाय ठेवता येत नव्हता. तरी दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहाची छायाचित्रं वाचून सांगितलं, की जमिनीवर माणसांच्या देहाएवढ्या आकृती आणि लालसर डाग दिसताहेत. आरएसएफच्या लोकांनी स्वतःच काढलेले हत्यांचे व्हिडिओ पसरले. आणि शहराच्या पश्चिमेकडच्या तविला गावापर्यंत चालत पोचलेल्या बायाबापड्यांनी वाटेत काय पाहिलं ते सांगितलं. उपग्रह, मारणारा आणि वाचलेला, तिघांचा मेळ बसला. अशी बातमी मी खरी मानते. एकट्यादुकट्या व्हिडिओवर मात्र थांबते. त्यातलं चित्र गूगल लेन्सवर टाकलं की पुष्कळदा ते दुसऱ्याच देशातलं, जुनं निघतं.

अरबी मजकूर मोबाइलवर मराठीत करून मिळतो. भाषांतर ओबडधोबड असतं, गावांची नावंही बिघडतात, म्हणून भावाला शेजारी बसवा. तो तिथे राहिलाय, नाव ओळखेल.

जोडीदाराच्या शोधासाठी रेड क्रॉसकडे अर्ज करता येतो; युद्धात ताटातूट झालेल्यांना शोधण्याचं काम ते करतात. तिकडे नावापुढे वडिलांचं, आजोबांचं नाव लावतात. तेवढं पूर्ण नाव आणि अल-फाशेरमधला मोहल्ला भावाकडून आजच लिहून घ्या.