भाकरी किती थापल्या, ते विचार

प्रिय मुली,

हैदराबाद मुक्तिसंग्राम पाहिलेल्या बायकांच्या मुलाखतींसाठी केलेली तुझी प्रश्नावली वाचली. पहिला प्रश्न आधी खोड. 'मुक्तिसंग्रामात आपले योगदान काय?' असं नव्वदी ओलांडलेल्या बाईला विचारलंस तर ती म्हणेल, "आमी काय केलं माय, भाकरी थापल्या." झालं, मुलाखत संपली. त्यापेक्षा विचार, रात्री माणसं किती असायची? पीठ कुणाचं? जात्याचा आवाज बाहेर जायचा नाही का?

मी हे फजितीतून शिकले. एका स्वातंत्र्यसैनिक आजोबांच्या दोन कॅसेटी भरल्या होत्या. हत्यारं उन्हाळ्यात आली, असं ते सांगत होते. तेवढ्यात चुलीपासून आजी म्हणाल्या, "उन्हाळा कुठला? हुरडा चालू होता. माझ्याच कणगीत होती की, वर ज्वारी, खाली बंदुका. थोरला पोटात, वाकता येईना." आजोबा गप्प. थोरल्याची पत्रिका काढून पाहिली, आजींचंच खरं निघालं. (शाळेच्या दाखल्यावर जाऊ नकोस, तिथं निम्मा मराठवाडा १ जूनला जन्मलेला असतो.)

बायकांच्या तारखा सणांत आणि बाळंतपणांत असतात. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजामानं शरणागती पत्करली. तेव्हा भाद्रपद होता. महालक्ष्म्या नुकत्याच उठलेल्या, पितृपक्ष लागायचा होता. "पितरांच्या आधी घरी आलो" असं कुणी म्हणाली, की वहीत तारीख मांडता आली पाहिजे तुला.

धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके, ईटच्या गोदावरीबाई टेकाळे ही लढलेल्यांची नावं निदान १७ सप्टेंबरच्या भाषणांत येतात. पण पुरुष संस्थानाच्या सरहद्दीबाहेर, बार्शीच्या, उमरखेडच्या लढ्याच्या कॅम्पांवर गेले, तेव्हा मागं गुरं, सासू, तान्ही पोरं आणि दारात चौकशीला आलेले रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, हे कुणी निभावलं? पुढं पेन्शनच्या अर्जाला तुरुंगवासाचा नाहीतर भूमिगत असल्याचा पुरावा लागायचा. भाकरीचा दाखला कोण देणार?

आणखी एक. 'रझाकारी' शब्दावर थांबू नकोस. त्याच गावच्या मुस्लिम मोहल्ल्यात त्या काळाला, फौजांच्या कारवाईवरून, 'पोलीस ॲक्शन' म्हणतात, आणि तिथली गोष्ट १७ सप्टेंबरनंतर सुरू होते. त्यानंतरच्या हिंसेच्या चौकशीला सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. बायकांवरचे अत्याचारही त्यात नोंदले आहेत. अहवाल कित्येक वर्षं दडून राहिला. माझ्या कॅसेटींत त्या मोहल्ल्यातली एकही बाई नाही. गेलेच नाही मी. धीर झाला नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

तू जा. पहिल्या दिवशी मोबाईल पिशवीतच राहू दे, आणि त्या अत्याचारांचा विषय तू काढू नकोस. चहा घे, लेकीसुना कुठं दिल्या ते विचार, उठताना "पुन्हा येऊ का?" म्हण. हो म्हणाल्या तर वही घेऊन जा.

तुझी,
बाई