जुन्या प्रोग्रॅमिंग भाषांमधले एरर मेसेज इतके चमत्कारिक का असायचे?

तुम्ही विचारलंय की हे मेसेज लिहिणाऱ्यांनी गंमत म्हणून घातले होते का. माझं उत्तर: बहुतेक वेळा नाही. मेमरी तुटपुंजी होती आणि मशीनला जेवढं कळत होतं तेवढंच ते सांगत होतं.

१९७५ च्या अल्टेअर या छोट्या कॉम्प्युटरसाठी केलेल्या बेसिक भाषेची (अल्टेअर बेसिकची) सगळ्यात छोटी आवृत्ती ४ के, म्हणजे जेमतेम चार हजार बाइट मेमरीच्या मशीनसाठी होती. इंटरप्रिटर (प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून चालवणारा भाग), तुमचा प्रोग्रॅम आणि व्हेरिएबल्स, सगळं त्यातच. मेसेजचं एकेक अक्षर एकेक बाइट खाणार, म्हणून चूक दोन अक्षरांत उरकली जायची: 'एसएन' म्हणजे सिंटॅक्स चुकला, 'एनएफ' म्हणजे लूप सुरू करणारा 'फॉर' नसताना तो संपवणारा 'नेक्स्ट' आला, 'ओएम' म्हणजे मेमरी संपली. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा 'ईडी' हा मजकूर लिहायचा एडिटर तर नुसतं प्रश्नचिन्ह छापायचा. स्क्रीनऐवजी कागदावर सेकंदाला १० अक्षरं छापणाऱ्या टेलिटाइप यंत्रावर तेही सोयीचंच होतं.

मायक्रोसॉफ्ट बेसिकमधलं 'रीडू फ्रॉम स्टार्ट' वाचून प्रोग्रॅमच पहिल्यापासून चालू होणार असं वाटतं. तसं नसतं. 'इनपुट' या आज्ञेने तीन आकडे मागितले आणि तिसऱ्याच्या जागी तुम्ही अक्षर टाइप केलं, तर आधीचे दोन्ही टाकून देऊन ते एक इनपुट पुन्हा पहिल्या आकड्यापासून विचारलं जातं.

मुद्दाम केलेली गंमतही आहे. डॉन वुड्स आणि जेम्स लायन यांनी १९७२ मध्ये प्रिन्स्टनला केलेल्या इंटरकॅल या भाषेत प्रोग्रॅममधले 'प्लीज' हे शब्द कमी पडले तर प्रोग्रॅमर पुरेसा नम्र नाही म्हणून कंपायलर प्रोग्रॅम नाकारतो, आणि फार झाले तरी नाकारतो. पण ती भाषाच विडंबन म्हणून केलेली.

मला सगळ्यात आवडतो तो सी भाषा आणि युनिक्समधला 'नॉट अ टाइपरायटर'. एरर क्रमांक २५. टर्मिनलला द्यायची आज्ञा साध्या फाइलला दिली की हा यायचा. तेव्हाचं टर्मिनल म्हणजे टाइपरायटरसारखं छापणारं यंत्रच, त्यामुळे मेसेज अगदी रास्त. घोळ पुढे झाला. आउटपुट कधी बाहेर सोडायचं हे ठरवायला सीची लायब्ररी (भाषेसोबत येणारी तयार फंक्शन्स) गुपचूप तपासते की समोर टर्मिनल आहे का. नसेल तर 'एररनो'मध्ये, म्हणजे शेवटच्या एररचा क्रमांक ठेवायच्या जागेत, २५ पडतो आणि सिस्टिमला केलेल्या नंतरच्या विनंत्या (कॉल) यशस्वी झाल्या तरी तो पुसला जात नाही. मग भलत्याच कारणाने प्रोग्रॅम अडला आणि त्याने न बघता एररनो छापला, की मेल परत आलेल्या माणसाला कळायचं, 'हा टाइपरायटर नाही'. सेंडमेल या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या काळात असे मेल खरोखर परत यायचे.

आज लिनक्सवर त्याच २५ चं भाषांतर 'इनअ‍ॅप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस' (या उपकरणाला न चालणारी नियंत्रणाची आज्ञा) असं छापलं जातं. सर्व्हर सांभाळताना मला तो अजूनही भेटतो. तुम्हाला दिसला, तर शब्दांच्या मागे लागू नका. प्रोग्रॅमने सिस्टिमला केलेले कॉल दाखवणारं 'एसट्रेस' लावा आणि त्याच्या आसपास दुसरा कोणता कॉल फसलाय ते शोधा.