रोम्युलनांचं वकीलपत्र

प्रश्न : आमच्याकडे सध्या रात्रीची जेवणं झाली की ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळातली इंग्रजी मालिका लागते. मुलगी म्हणते, रोम्युलन साम्राज्यावर कधीच विश्वास ठेवू नये, लपून वार करणारी जात आहे. मला वाटतं, लढवय्या क्लिंगॉनांशी फेडरेशनची, म्हणजे पृथ्वी आणि इतर ग्रहांच्या संघाची, दोस्ती झाली, तर यांच्याशी का होऊ नये? तुमचा जन्म कोर्टात गेला. तुम्हीच निकाल द्या.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : निकाल देणं न्यायाधीशाचं काम. मी पडलो वकील, तोही तालुक्याच्या दिवाणी कोर्टातला. पस्तीस वर्षांत निम्मे दावे बांधाचे चालवले. त्यामुळे फार तर रोम्युलनांचं वकीलपत्र घेतो. फी म्हणून त्यांची ती निळी दारू नको, डॉक्टरांनी बंदी घातली आहे.

तुमच्या मुलीचं म्हणणं आधी मान्य करून टाकतो, म्हणजे पुढे बोलायला मोकळा. 1966च्या ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागात रोम्युलन पहिल्यांदा दिसले ते चोरासारखेच. अदृश्य होणारं जहाज घेऊन दोन्ही बाजूंमधला तटस्थ पट्टा ओलांडला आणि फेडरेशनच्या सरहद्दीवरच्या चौक्या एकेक करून उडवल्या. त्याच भागाच्या सुरुवातीला फेडरेशनच्या एंटरप्राइझ जहाजावर एक लग्न लागत असतं, भोंगा वाजतो, विधी अर्धवट राहतो आणि शेवटी तो नवरदेव मरतो. पुढे खिटोमर ग्रहावर क्लिंगॉनांची कत्तल केली, त्यात फेडरेशनच्या जहाजावरचा क्लिंगॉन अधिकारी वॉर्फ याचे आईवडील गेले. डॉमिनियन या दूरच्या बलाढ्य सत्तेविरुद्धच्या युद्धात फेडरेशनचे दोस्त म्हणून आले तेव्हाही बजोर ग्रहाच्या डेर्ना या चंद्रावर रुग्णालय बांधतो म्हणून सांगितलं आणि आत प्लाझ्मा टॉर्पेडो भरून ठेवले. अशिलाचा बचाव करताना ही कागदपत्रं लपवता येत नाहीत. समोरचा वकील ती काढतोच.

आता आमची बाजू.

फार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक अशील आला होता. शेजारच्या चुलतभावाने बांध कोरला म्हणून डोळ्यांत पाणी. तीन पिढ्यांचा इतिहास तोंडपाठ, चुलतभाऊ कसा लबाड, त्याचा बाप कसा लबाड. मी म्हटलं, आधी सरकारी मोजणी आणा. मोजणी झाली, हद्दीचे दगड सापडले, आणि दोन गुंठे आमच्याच अशिलाकडे जास्त निघाले. त्याने मोजणीदारालाच लबाड ठरवलं, तो भाग वेगळा. तेव्हापासून कोणी ‘तो लबाड आहे हो’ म्हणालं की मी विचारतो, मोजणी केलीत का?

फेडरेशनची मोजणी करा. 1968चा ‘द एंटरप्राइझ इन्सिडेंट’ पाहा. एंटरप्राइझचा कप्तान कर्क वेड लागल्याचं सोंग घेऊन तटस्थ पट्टा ओलांडतो, कानांना टोकं लावून रोम्युलन बनतो, त्याचा व्हल्कन अधिकारी स्पॉक त्यांच्या महिला कमांडरला बोलण्यात गुंतवून ठेवतो आणि दोघं मिळून त्यांचं अदृश्य होण्याचं यंत्र पळवतात. लहानपणी याला आम्ही शौर्य म्हणायचो. फौजदारी कोर्टात याची नावं वेगळी आहेत.

नंतर अल्जेरॉनचा तह झाला. त्यात फेडरेशनने कबूल केलं की असं यंत्र आपण बनवणार नाही. 1994च्या ‘द पेगॅसस’मध्ये कळतं की स्टारफ्लीटचा, म्हणजे फेडरेशनच्या आरमाराचा, एक अ‍ॅडमिरल ते चोरून बनवत होता. नुसतं अदृश्य होणारं नव्हे, घन दगडातून आरपार जाणारं. अधिकारी रायकर तरुणपणी त्या यंत्राच्या जहाजावर होता आणि बारा वर्षं गप्प राहिला. कबुली दिली ती त्याचा आताचा कप्तान पिकार्ड याने, रोम्युलन जहाजासमोर अदृश्य केलेलं आपलं जहाज उघडं करून. पक्षकार असा हवा, वकिलाचं निम्मं काम संपतं. फेडरेशनच्या डिफायंट जहाजावर तर रोम्युलनांनी ते यंत्र वापरायला दिलं होतं, अट अशी की फक्त गॅमा क्वाड्रंटमध्ये, म्हणजे डॉमिनियनच्या मुलखात, वापरा. अट किती पाळली, ते ‘डीप स्पेस नाइन’ ही ‘स्टार ट्रेक’मधली मालिका पाहताना मुलीलाच वहीत टिपायला सांगा.

पण खरा दस्त आहे 1998चा, ‘इन द पेल मूनलाइट’. हा भाग मी पाच-सहा वेळा पाहिला आहे, दर वेळी धंद्याच्या नजरेने. डॉमिनियनविरुद्धच्या युद्धात फेडरेशन हरायला आलं आहे, रोम्युलन तटस्थ बसले आहेत. त्यांना ओढायचं, तर डॉमिनियन त्यांच्यावर हल्ल्याची आखणी करतंय असा पुरावा हवा. पुरावा नाही. मग डीप स्पेस नाइन स्थानकाचा कॅप्टन सिस्को आणि शिंपीकाम करणारा माजी हेर गॅरॅक तो बनवायचं ठरवतात. तुरुंगातून एक बनावटगार सोडवून आणतात. खोटी चित्रफीत भरायला डॉमिनियनच्या दोस्त कार्डेशियनांची अस्सल, कोरी डेटा-दांडी लागते, आणि तिच्या बदल्यात 85 लिटर घातक जेल द्यावं लागतं.

आमच्या भागातल्या वाचकांना हे लगेच कळेल. जुन्या तारखेचा कोरा स्टॅम्प पेपर कुठे मिळतो आणि त्याला किती मोजावे लागतात, हे तालुक्याच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या कोणालाही विचारा. मजकूर कोणीही लिहील, अवघड असतो तो कागद.

रोम्युलन सिनेटर व्रीनॅक ती दांडी तपासतो आणि बनावट ओळखतो. इथे लक्ष द्या. ज्याला आपण संशयी म्हणून नावं ठेवतो, त्याचा संशय शंभर टक्के खरा असतो. तो परत निघतो आणि वाटेत त्याचं यान स्फोटात उडतं. बॉम्ब गॅरॅकचा. ढिगाऱ्यात ती दांडी सापडते, तिच्यातले दोष स्फोटामुळे आले असं समजलं जातं, आणि रोम्युलन युद्धात उतरतात. लाखो रोम्युलन एका खोट्या कागदावर लढायला गेले. सिस्को सगळं रोजनिशीत बोलतो आणि शेवटी नोंद पुसून टाकतो. म्हणजे मूळ दस्तही नाही, नक्कलही नाही.

तुमच्या क्लिंगॉनांबद्दल सांगायचं, तर त्यांनी 1995च्या ‘द वे ऑफ द वॉरियर’मध्ये फेडरेशनशी झालेला खिटोमरचा शांतता करारच मोडला आणि थेट डीप स्पेस नाइन स्थानकावर चालून आले. तरी आपल्याला ते आपले वाटतात. कारण ते दारात उभं राहून आरडाओरडा करतात आणि मग भांडतात. ओरडून भांडणारा भाऊबंद आपल्याला परवडतो, गप्प बसून नकाशे पाहणारा परवडत नाही. हा स्वभावाचा मामला झाला, पुराव्याचा नाही.

म्हणून विश्वास ठेवायचा का? साम्राज्यावर, नको. फेडरेशनवरही डोळे मिटून नको. रोम्युलन माणसावर ठेवावा का, असं विचारलंत तर तुम्हाला 1990चा ‘द डिफेक्टर’ पाहायला सांगेन. अ‍ॅडमिरल जारॉक खोट्या नावाने फेडरेशनकडे पळून येतो. आपलं सरकार तटस्थ पट्ट्यात छुपा तळ बांधतंय, युद्ध होईल, आपली लहान मुलगी त्यात मरेल, एवढ्यासाठी घर, हुद्दा, बायको सगळं सोडतो. खोलीत तहान लागते म्हणून यंत्राकडे पाणी मागतो. यंत्र विचारतं, तापमान किती? तो म्हणतो, बारा ऑन्कियन. यंत्र सांगतं, इथे फक्त सेल्सिअस चालतं. एका घोट पाण्यासाठी त्या माणसाला कळतं की आपण कुठे येऊन पडलो.

तळ नसतोच. त्याच्या सरकारला त्याच्या निष्ठेची शंका होती, म्हणून त्याला खोटी माहिती पुरवली होती. तो विष घेतो आणि बायकोमुलीसाठी पत्र ठेवतो. ते पोचवायचं कसं, तर सध्या मार्गच नाही. पिकार्ड ते जपून ठेवतो.

मुलीला हा भाग एकटीला पाहू देऊ नका, दोघांनी मिळून पाहा. वाद पुढच्या रविवारी घाला.

प्रश्न : रोम्युलन पहिल्यांदा दिसले त्या भागात बऱ्याच रोम्युलनांच्या डोक्यावर शिरस्त्राणं का आहेत? रोमन सैनिकांची नक्कल?
– एक वाचक, मिरज

उत्तर : रोमन छाप आहेच, ग्रहाचं नावच रोम्युलस. पण मुख्य कारण पैसा. रोम्युलन आणि व्हल्कन मूळचे एकाच कुळातले, तेव्हा स्पॉकसारखे टोकदार कान सगळ्यांना हवेत. टीव्हीच्या बजेटात प्रत्येक शिपायाला कान चिकटवणं परवडेना, म्हणून वर शिरस्त्राण चढवलं. आमच्या गावच्या नाटकात दाढ्या कमी पडल्या की अर्ध्या मावळ्यांना प्रेक्षकांकडे पाठ करून उभं करायचे, त्यातलाच प्रकार.