ॲडिसनचा आजार माणसांसारखा कुत्र्यांनाही होतो का?

हो, होतो, मांजरांत मात्र क्वचितच. या आजारात मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल (ताणाला तोंड द्यायला मदत करणारं संप्रेरक) आणि बहुतेकदा अल्डोस्टेरॉनही (शरीरातलं मीठ-पाणी सांभाळणारं संप्रेरक) पुरेसं बनवत नाहीत. मग रक्तातलं सोडियम घटतं, पोटॅशियम वाढतं. माणसात थकवा, वजन उतरणं, खारट खावंसं वाटणं, हिरड्या नि तळहाताच्या रेषा काळवंडणं. (आपल्याकडे क्षयरोग हेही एक कारण.) कुत्र्यात हा रंगबदल सहसा दिसत नाही. अधूनमधून उलट्या-जुलाब, मरगळ. घरचे म्हणतात, बाहेर काहीतरी खाल्लं असेल. सलाइन लावलं की तरतरी येते आणि निदान आणखी लांबतं! एसीटीएच चाचणीने (या ग्रंथींना चालना देणारं संप्रेरक टोचून कॉर्टिसॉल वाढतं का ते बघतात) खात्री होते. औषध, म्हणजे कमी पडलेल्या संप्रेरकांची जागा घेणारं स्टेरॉइड, जन्मभर. ताप किंवा ऑपरेशनच्या वेळी स्टेरॉइडचा डोस डॉक्टरांना विचारून वाढवावा लागतो. स्वतःहून बंद तर अजिबात करू नका.