वाचकांचे प्रश्न : गावाचे मत नक्की कुठे गेले?

प्रश्न : आमच्या गावात महाराष्ट्र एकीकरण समितीचे (सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनेचे) मतदान घटले असे काहीजण म्हणतात, तर तितकेच आहे असे बाकीचे. खरे काय ते कसे पडताळावे?
(बेळगावजवळच्या उचगाव परिसरातील वाचक)

उत्तर : त्यासाठी फॉर्म 20 मिळवा. हे अंतिम निकालपत्रक असते. त्यात प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ आणि प्रत्येक उमेदवाराचा एक रकाना असतो. कर्नाटकच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते मतदारसंघाच्या क्रमांकाने शोधावे : निपाणी 1, बेळगाव उत्तर 11, दक्षिण 12, ग्रामीण 13, खानापूर 14. न सापडल्यास डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कार्यालयाच्या) निवडणूक शाखेत माहिती अधिकाराचा अर्ज द्या.

सगळ्यात जास्त घोटाळा केंद्र क्रमांकात होतो. निकालपत्रकात बहुधा गावाचे नाव नसते, नुसता क्रमांक असतो. मतदार वाढले की नवे केंद्र जोडले जाते आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. म्हणजे 2018 चे 47 नंबरचे केंद्र 2023 मध्ये शेजारच्या गावाचे निघू शकते. म्हणून त्या त्या निवडणुकीची केंद्रांची यादी शेजारी ठेवूनच वाचा आणि गावातल्या सगळ्या केंद्रांची बेरीज करा. 2008 च्या आधी मात्र जाऊ नका. तेव्हा उचगाव हा वेगळा मतदारसंघ होता, पुनर्रचनेत तो गेला.

दुसरी अडचण समितीचा रकाना ओळखण्याची. समितीचे उमेदवार बहुधा अपक्ष म्हणून नोंदलेले असतात. नाव ठाऊक नसेल तर ते इतर अपक्षांत हरवतात. 2018 मध्ये खानापुरात समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार होते. एकाचेच आकडे पाहिले तर गावाने पाठ फिरवली असे वाटेल. दोन्हींची बेरीज घेतल्याशिवाय मत गेले की फुटले, हे सांगता येणार नाही आणि या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे.

नुसती मते मोजू नका, टक्केवारी काढा. समजा, गावात आधी 700 वैध मतांपैकी समितीला 280 मिळाली, म्हणजे 40 टक्के. पुढच्या वेळी 800 पैकी 288 मिळाली. आठ मते वाढली, पण टक्का 36 वर आला. तुमच्या गावातले दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील ते असे! ‘नोटा’चा (वरीलपैकी कोणीही नाही) रकाना वैध मतांत धरू नका. टपाली मते शेवटी एकत्र येतात, ती गावनिहाय कळत नाहीत.

लोकसभेची तुलना लोकसभेशीच करा. मराठी पट्टा तिथे तीन तुकड्यांत विभागलेला आहे : बेळगाव शहर आणि बेळगाव ग्रामीण हे बेळगाव मतदारसंघात, निपाणी चिक्कोडीत, तर खानापूर थेट उत्तर कन्नडमध्ये. तरीही 2021 च्या बेळगाव पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळके यांना 1,17,174 मते पडली आणि भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींपेक्षा अवघ्या 5,240 मतांनी पुढे राहिल्या. दोन वर्षांनी विधानसभेला समितीची एकही जागा आली नाही. तेव्हा एका निकालावरून सीमाभागातल्या मराठी माणसाचा कल ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे आम्हाला मनापासून वाटते. विधानसभेला राष्ट्रीय पक्षाला मत देणारा मराठी माणूस 1 नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीतही चालतो. त्याचे मत रस्त्यासाठी असते की भाषेसाठी, हे कुठल्याही रकान्यात लिहिलेले नसते.

ग्रामपंचायतीचे निकाल यासाठी उपयोगी नाहीत. तिथे पक्षचिन्ह नसते.

प्रश्न : कोणी कोणाला मत दिले, हे यातून कळते का? गावात तशी भीती घालतात.

उत्तर : एकट्या माणसाचे मत कळत नाही. मात्र मोजणी केंद्रनिहाय होत असल्याने वाडीचा एकूण कल पक्षांना दिसतो, ही गोष्ट खरी आहे. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर यंत्र आणावे, अशी शिफारस विधी आयोगाने 2015 मध्ये केली होती. ते अजून वापरात आलेले नाही. ‘मत दिले नाही तर पाणी तोडू’ असे कोणी म्हणाले तर तो गुन्हा आहे. आचारसंहितेच्या काळात निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर किंवा 1950 या क्रमांकावर तक्रार करा.