पहिलटकरणीनं गरोदरपणाचं कोणतं पुस्तक घ्यावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चौथा महिना, पहिलीच वेळ, राहायला नागपुरात, मनीषनगरला. सासूबाई म्हणतात गर्भसंस्काराचं घे आणि मनाला प्रसन्न वाटेल तेवढंच वाच, मैत्रीण म्हणते जाडजूड इंग्रजी घे. त्यातल्या ‘प्रसन्न वाटेल तेवढंच’ या शब्दांवर मी अडकले, म्हणून लिहायला बसले.

ज्या पुस्तकात धोक्याची लक्षणं स्पष्ट, आडपडदा न ठेवता दिलेली नाहीत ते घेऊ नका, मग त्याचा कागद कितीही गुळगुळीत असो. आणि ज्यात ती दिलेली आहेत, त्यातली ती पानं कुणालाही मिटवू देऊ नका. मिटवू देऊ नका हे मी शब्दशः म्हणते आहे.

2019 मध्ये मला दिवस गेले तेव्हा माझ्या मोठ्या नणंदेनं, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दोन दुकानं फिरून माझ्यासाठी पुस्तक आणलं. मराठीतलं, एका डॉक्टर बाईंनी लिहिलेलं, चांगलं तीनेकशे पानांचं. ताईंनी ते आधी स्वतः पूर्ण वाचलं. मग ‘गुंतागुंत’ नावाचं प्रकरण कडेनं स्टेपल करून टाकलं. आठ पिना होत्या, वरपासून खालपर्यंत, एकसारख्या अंतरावर, कारण ताईंचं कुठलंच काम वेडंवाकडं नसतं. पुस्तक हातात देताना म्हणाल्या, “एवढं तू आत्ता वाचायचं नाही. बाळंत झालीस की मी माझ्या हातानं पिना काढून देईन.” मला ते फार गोड वाटलं. मैत्रिणींना दाखवलं मी ते, बघा माझी नणंद किती जपते म्हणून.

पुढे मे महिना आला. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. पारा 45 च्या वर, दिवसातून दोनदा कूलरची टाकी भरायची, आणि नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला. मला आठवा महिना होता. पाय सुजले तर जो तो म्हणे उन्हाळा आहे, पोट मोठं आहे, सुजायचेच. पुस्तकातल्या आठव्या महिन्याच्या प्रकरणातही तेच होतं: संध्याकाळी पावलांवर थोडी सूज येते, पाय उशीवर ठेवून पडा. त्याच्याच खाली एक ओळ होती. सूज चेहऱ्यावर किंवा हातांवर असेल तर पान 214 पाहा. पान 214 पिनांच्या आत होतं.

ती ओळ मी वाचली होती. वाचून पुढे गेले. मोठ्या माणसाचा शब्द, तोही प्रेमानं टाकलेला, मोडावासा वाटला नाही.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींनी पहिल्यांदा हटकलं. “ताई, तुमचं तोंड सुजून राह्यलं ना जी. पायाचं मी नाही म्हणत, तोंडाचं म्हणते.” तोपर्यंत माझी अंगठी बोटातून निघेना झाली होती. डोहाळजेवणाला भरलेल्या हिरव्या बांगड्या महिन्याभरापूर्वी मनगटावर खुळखुळायच्या, त्यांचे आता वळ उठत होते. आठवड्यात वजन दोन किलोनं वाढलं तर सासूबाई खुश, बाळ भरतंय म्हणून. मग डोकं दुखायला लागलं. दोन दिवस दुखत होतं. सगळ्यांनी ठरवलं ऊन लागलं. तळपायाला कांदा चोळला, कैरीचं पन्हं झालं, खोलीचे पडदे ओढले. उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तेव्हा अॅसिडिटी समजून थंड दूध प्यायले.

दुसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला पाणी प्यायला उठले. अंधारात कूलरपाशी पांढरे ठिपके नाचताना दिसले, डोळे चोळले तरी जाईनात. नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, पुस्तकात बघू. त्यानं मोबाइलचा टॉर्च दातात धरला आणि नेलकटरच्या टोकानं एकेक पिन उचकली. चौथ्या पिनेला पान थोडं फाटलं. मग त्यानं 214 मोठ्यानं वाचलं. थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, अचानक वाढलेलं वजन. पाचही लक्षणं मला होती. खाली चौकटीत लिहिलं होतं, यातलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका.

धंतोलीला दवाखान्यात पोचलो तेव्हा बीपी 170/110 होतं. लघवीत पट्टी बुडवली तर प्रथिनांचा रंग गडद. डॉक्टरांनी प्रीएक्लॅम्प्सिया हा शब्द उच्चारला, माझ्या पुस्तकात त्याला ‘गर्भारपणातला रक्तदाबाचा विकार’ असं सरळ नाव होतं. विसाव्या आठवड्यानंतर होतो, 140/90 ला धोक्याची रेघ आहे, आणि पहिलटकरणीला त्याचा धोका जास्त असतो. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं औषध चालू केलं, ते शिरेतून जाताना आख्खं अंग तापल्यासारखं होतं. सुई लावायला जागा हवी म्हणून सिस्टरनी बांगड्या वाढवल्या. साबणानं निघेनात, मग रुमाल घालून एकेक. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली आणि तिसऱ्या दिवशी सिझर केलं. 33 आठवडे पुरे झालेले. मुलगी, 1 किलो 650 ग्रॅम. 19 दिवस काचेच्या पेटीत होती.

मुलगी आज शाळेत जाते, छान आहे.

ताई धावत आल्या, रडल्या, रात्र रात्र बसल्या. पण पिनांचं म्हणणं सोडलं नाही, आजतागायत नाही. त्यांचं म्हणणं, पुस्तक वाचून बीपी वाढत नाही आणि थांबतही नाही, मग आधीच भीती कशाला घालायची. अभिमन्यूचा दाखला देतात, पोटातलं बाळ सगळं ऐकतं. याला मी दर सणाला मनात उत्तर देते आणि तोंडावर गप्प बसते, आज इथे देते. अभिमन्यूनं अर्धंच ऐकलं, ताई. आत शिरायचं ऐकलं आणि बाहेर पडायचं ऐकायच्या आधी सुभद्रेला झोप लागली. तुम्ही पिना मारल्या होत्या त्या बाहेर पडायच्या पानांना.

वाचून माझं बीपी थांबलं नसतं हे खरं, डॉक्टरही तेच म्हणाल्या. पण डोकं दुखायला लागलं त्याच दिवशी मी गेले असते. ते दोन दिवस माझ्या लेकीच्या पोटातल्या दिवसांतून गेले की नाही हे कुणीच सांगू शकत नाही, आणि हेच मला सलतं.

तर पुस्तक. दुकानात उभं राहून अनुक्रमणिका उघडा आणि रक्तदाब शोधा. नसेल तर ठेवून द्या. असेल तर ते पान तिथंच वाचा. ‘मीठ कमी करा, जवाचं पाणी प्या, सूज उतरेल’ एवढ्यावर भागवलं असेल तरी ठेवून द्या. हा विकार मीठ तोडल्यानं जात नाही. रक्तस्राव, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, ताप, यासाठी ‘लगेच जा’ असं लिहिलेलं हवं, ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ असं गुळमुळीत नको.

मुलगाच व्हावा म्हणून काय करावं असं प्रकरण किंवा पुंसवनाचा विधी ज्यात सापडेल, ते पुस्तक घरातच आणू नका. बाळाचं लिंग गर्भधारणेच्या क्षणी ठरतं, तुम्ही तिसऱ्या महिन्यात काय खाल्लं त्यानं नाही. गर्भलिंग निवडीविरुद्ध 1994 पासून कायदा आहे या देशात आणि तरी अशी पानं आहेत, सजवलेली.

आकडे आहेत का बघा. हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्त कमी. साखरेच्या तपासणीत 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायला देतात आणि दोन तासांनी 140 किंवा वर आली की मधुमेह समजतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत. लोहाची गोळी 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, चहावर तर नाहीच. तुमचा चौथा महिना आहे म्हणजे हे आत्ताच लागणार. जाडजूड परदेशी पुस्तकांत बाळाची वाढ आठवड्यागणिक सुरेख दिली असते, पण आहार त्यांचा, वजन पौंडात, तपासण्याही पुष्कळदा त्यांच्याकडच्या. तुमच्या मैत्रिणीला आवडलं असेल, वाचू द्या.

आणि पैसे खर्च करायच्या आधी माता व बाल संरक्षण कार्ड मिळवा. खाजगी डॉक्टरकडे नाव घातलं असेल तर ते बहुतेक मिळालं नसेल. तुमच्या भागातल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे नोंदणी केली की मिळतं, फुकट. त्यात धोक्याची लक्षणं चित्रांसकट आहेत. मला ते डिस्चार्जनंतर लसीकरणाला गेले तेव्हा हातात पडलं. पुस्तक एकच घ्यायचं असेल तर मी आज आधी ते घेईन.

गर्भसंस्काराच्या पुस्तकाला माझा विरोध नाही, हे सांगायला हवं. श्लोक, संगीत, शांत बसणं यानं मला बरंच वाटायचं, सासूबाईंबरोबर संध्याकाळी रामरक्षा म्हणायचो ते अजून आठवतं. सासूबाईंचं मन मोडू नका, तेही आणा. फक्त ते गरोदरपणाचं मार्गदर्शक पुस्तक नव्हे. आणि मी डॉक्टर नाही, माझ्या अनुभवावरून दर सुजलेल्या पावलाला घाबरू नका. पावलांवरची संध्याकाळची सूज बहुतेकींना येते आणि काही होत नाही. दर भेटीत बीपी मोजलं की आकडा विचारा, “नॉर्मल आहे” यावर थांबू नका, घरी वहीत लिहून ठेवा. ताईंबद्दलही कुणी वाईट मत करून घेऊ नका. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू करून, पहाटे चारला उठून दूध पाजायला मला बसवणाऱ्या त्याच होत्या.

मराठी की इंग्रजी हे विचारलंय तुम्ही, ते राहिलंच. मराठी घ्या. तुम्हाला इंग्रजी उत्तम येत असेल, पण रात्री दीडला वाचणाऱ्या तुम्ही नसाल. नवरा असेल, सासूबाई असतील, कदाचित शेजारच्या काकू. माझ्या डोळ्यांना तर त्या रात्री अक्षरच लागत नव्हतं. म्हणून पुस्तक घरी आणलं की त्याच दिवशी धोक्याचं पान नवऱ्याला मोठ्यानं वाचायला लावा, सासूबाईंसमोर. पानाच्या वरच्या कोपऱ्यात डॉक्टरांचा रात्रीचा नंबर आणि 108 लिहा, आणि पुस्तक कपाटात न ठेवता पलंगाशी ठेवा.